मुका खेळ

वळसंगच्या तंबूत मारामारीचा पिक्चर सुरू होणार, तोच भोंगा जळाला. मालक येडू काही हार मानणारा गडी नव्हता. त्यानं बापाच्या पेटीतला जुना मुका पिक्चर काढून मशीनवर चढवला. पुरुषांच्या बाजूनं शिट्ट्या सुरू झाल्या.

"मारामारी कुटं हाय रं?"

पुरुष-बायकांमध्ये बांधलेल्या दोरीच्या अलीकडे, बायकांत, गुरम्मा नव्या सुनेला घेऊन बसली होती. सासूला कानडीखेरीज काही येत नव्हतं आणि मोहोळच्या विजयमालाला मराठीखेरीज. नवरा कल्लप्पा सोलापूरच्या गिरणीत, घरी यायचा तो सुटीपुरता; आज आला होता आणि पलीकडे पुरुषांत बसला होता. गुरम्मा तिला उठता-बसता 'सोसी' म्हणे. विजयमालाला ऐकू येई, सोस बाई, सोस. ऐकून ऐकून ती विटली होती. उद्या भाऊ न्यायला येणार होता आणि एकदा गेलं की परत यायचं नाही, हे तिनं पक्कं केलं होतं. नवऱ्याला मात्र या निश्चयाचा पत्ता नव्हता.

पडद्यावर एक नवी नवरी चुलीपुढं बसली होती. भाकरी करपली तशी तिनं ती टोपलीखाली लपवली आणि स्वतःशीच हसली. गुरम्मानं बोट दाखवलं.

"सोसी!"

विजयमाला चमकली. ही तर हसतेय. हिला काय सोसायचंय?

मग पडद्यावर म्हातारी आली. "अत्ती," गुरम्मा म्हणाली. हा शब्द मात्र ओळखीचा निघाला. मोहोळातही सासूला आत्तीच म्हणत.

त्या आत्तीनं टोपली उचलली, करपलेली भाकरी पाहिली. ओरडली नाही की कपाळाला हात लावला नाही. सुनेला दिसू नये म्हणून भिंतीकडे तोंड करून तिनं ती भाकरी स्वतःच खाऊन टाकली. झालं, एवढंच. ना गाणं, ना हाणामारी. पण काय चेहरा होता बाईचा! शिट्ट्या कधी थांबल्या, कुणाला कळलंच नाही.

गुरम्मानं डोळे पुसले आणि स्वतःच्या छातीवर हात ठेवला. "अत्ती." मग तोच हात सुनेच्या गालावर. "सोसी. नन्न सोसी."

सोसी म्हणजे सून! माझी सून, म्हणतेय ही. विजयमालाला हसू फुटलं, रडूही आलं.

खेळ सुटल्यावर कल्लप्पा त्यांना शोधत आला. "उद्या तुजा भाऊ न्यायला येनार हाय न्हवं?"

"येऊ द्या की," ती म्हणाली. "जेवून जाईल."