सुरगाठ

"कापू नको म्हटलं नं बाई!" नत्थूजींनी कंबरेचा काळा दोरा मुठीत असा आवळून धरला, की छाया सिस्टरची कात्री हवेतच थांबली.

अंकुशने कपाळावर हात मारून घेतला. पहाटे उठून, कारंज्याहून पहिली एस.टी. पकडून त्याने बापाला वर्ध्याच्या या दवाखान्यात आणलं होतं. हृदयाची एक नळी नव्वद टक्के बंद. नागपूरचा डॉक्टर इथे फक्त गुरुवारी येतो, जांघेतून बारीक नळी आत सरकवतो आणि फुगा फुगवून बंद झालेली वाट मोकळी करतो. मागचे दोन गुरुवार नंबर लागला नव्हता. आज लागला. सह्या झाल्या, जांघ भादरून झाली, हिरवा झगा चढवून झाला. आणि आता गाडी अडली कशावर, तर करदोड्यावर!

"बाबाजी, आत एकही धागा चालत नाही," सिस्टर म्हणाली. "एका सेकंदाचं काम आहे."

"करदोडा मेलेल्या मानसाचा तोडतेत, बाई. माह्या बापाचा म्याच तोडला होता, तिरडीवर. मी काई अजून मेलो नाई."

"अन् नाई तोडला तं मराल नं!" अंकुशच्या तोंडून निघून गेलं.

शेजारच्या खाटेवरची बाई वळून बघू लागली. अंकुशला स्वतःच्या जिभेची लाज वाटली, पण राग काही उतरेना. काय म्हणावं या माणसाला! पडक्या विहिरीत दोराने उतरतो, फवारणीचं औषध उघड्या हातांनी कालवतो, आणि हातभर दोऱ्यासाठी असा हटून बसतो.

"कापा तुम्ही सिस्टर. मी धरतो त्यांचे हात."

"पेशंट नको म्हणतात, तर मी हात लावणार नाही. पंधरा मिनिटं देते, समजवा त्यांना. सरांना चारला नागपुरात पोचायचंय."

समजवा म्हणे. नत्थूजींना आजवर कोणी समजावलं असतं, तर ही वेळच आली नसती. छातीत दुखतं हे त्यांनी सांगितलं तेच मुळी सहा महिन्यांनी.

कोपऱ्यात पिशवी घेऊन बसलेल्या कोकिळाबाई उठल्या. "तोडाचा नाई. पन सोडला तं चालते काय?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

नत्थूजींनी विचार केला. "सोडला तं चालते. सोडलेला पुन्हा बांधता येते."

कोकिळाबाई वाकल्या. तीन वर्षांपूर्वी पोळ्याच्या सणाला बांधलेली निरगाठ. घाम, पाणी, साबण मुरून तिचा पार खडा झालेला. नखं लागेनात. त्यांनी डोक्यातली पिन काढून खुपसून पाहिली, तर पिनच वाकली.

"अंकुश, काल सांगतलं असतं तं गरम पान्यात भिजवून घरीच सोडली असती मी."

दवाखान्याने दिलेला कागद अंकुशच्या खिशातच होता. उपाशी यावे, अंगावरील दागिने व दोरे काढून यावे. वाचला होता त्याने. बाबांच्या अंगावर कुठले आले दागिने, म्हणून हसत हसत घडी घातली होती. आता चिडायचं तरी कोणावर? मग तो भिंतीवरच्या घड्याळावर चिडला. मेलं कसं पळत होतं!

कोकिळाबाईंनी पदर डोक्यावर ओढला आणि भर वॉर्डात, सगळ्यांदेखत, नवऱ्याच्या कंबरेशी वाकून गाठीला दात लावले.

"हळू वं," नत्थूजी छताकडे बघत पुटपुटले. "लोकं पाहून राह्यले."

कोकिळाबाईंनी गाठ दातांतून सोडली नाही.

समोरून एक ट्रॉली आत गेली. तिच्यावर दुसराच पेशंट होता. अंकुश धावला. "सिस्टर, थांबा नं! सुटूनच राह्यली!"

"अर्धा तास झाला, भाऊ. टेबल रिकामं ठेवता येत नाही."

गाठ सुटली तेव्हा कोकिळाबाईंच्या ओठातून रक्त येत होतं. तोवर आतल्या पेशंटचं आटोपून डॉक्टरांची गाडी फाटकाबाहेर पडली होती.

"पुढच्या गुरुवारी पहिला नंबर देते," सिस्टर म्हणाली. "तोवर गोळ्या चुकवू नका. जड काम बंद."

अंकुशने खिशातला कागद चुरगाळून फेकला. लगेच वाकून उचलला. पुढच्या गुरुवारीही तो लागणार होता.

"झालं समाधान?" तो खाटेपाशी येऊन खेकसला. "आठ दिवस घोर लावून ठेवला जिवाले!"

नत्थूजी आपलं धोतर नेसून बसले होते. त्यांनी हातातला दोरा पुढे केला. कोकिळाबाई घ्यायला सरसावल्या, तर त्यांनी मान हलवली.

"तू नाई. अंकुश बांधन. सुरगाठ मारजो रे, वासराले मारतेत तशी. ओढली का सुटली पाह्यजे."

"आता सुचते तुमाले! गुरुवारी पुन्हा तमाशा नको म्हनून काय?"

"गुरुवारी तं हायेच," नत्थूजी म्हणाले. "पन मधातच काई झालं, तं तुले तोडा नाई लागनार. बापाचा तोडतानी मले लय जड गेलतं."

अंकुश खाली बसला. त्याने बापाच्या कंबरेभोवती दोरा फिरवला, सुरगाठ मारली, आणि एकदा ओढून पाहिली.

चटकन सुटली. इतकी सहज सुटलेली त्याला बघवली नाही. त्याने ती पुन्हा बांधली.