ओली माती

बहात्तरच्या दुष्काळात पाथर्डीकडच्या आमच्या हायस्कुलात हेडमास्तरांनी वृक्षसंवर्धनाचं काम दोघांच्या हाती दिलं. विज्ञान शिकवणारा मी आणि भूगोलाचे दहिफळे मास्तर. मुलांनी तेलाच्या रिकाम्या डब्यांत लिंबाची दहा रोपं लावली होती. आंघोळीचं पाणी बादलीत धरून आणायचं आणि एक दिवस मी, एक दिवस दहिफळ्यांनी ते रोपांना घालायचं, असं ठरलं.

मला दहिफळ्यांचा भरवसा नव्हता. त्यांच्या दिवशी माती ओली दिसायची खरी, पण वरवर शिंपडून कुणीही ओली दाखवेल! म्हणून शाळा सुटली की मी गुपचूप माझीही बादली ओतायचो.

महिन्याभरात पानं पिवळी पडून गळाली. हेडमास्तरांनी आम्हाला ऑफिसात बोलावलं.

"हे काय पाणी घालतात? नुसतं दाखवायला शिंपडायचे," दहिफळे माझ्याकडे बोट करून म्हणाले. "म्हणून ह्यांच्या दिवशीही मीच घालत होतो."

माझं तोंड उघडायच्या आत आसाराम शिपायाने एक डबा आणून उपडा केला. भसकन चिखल पडला. कुजलेल्या मुळांचा वास सुटला.

"टँकरच्या लायनीत गाव उभं हाय, अन् हितं रोपं पान्यानं मेली," तो म्हणाला. "रोज तीन-तीन बादल्या ओतल्यावर दुसरं काय हुनार?"

"तीन कशा?" मी विचारलं. "आम्ही तर दोघंच."

हेडमास्तरांनी खुर्चीखालची बादली पायानेच मागे सरकवली.