दुसरी पाठवणी

"बोल, प्रीतमकडे जातेस की इथंच कुजतेस?" कल्पेशनं विचारलं.

नूतन भावाकडे न बघता भांडी पुसत राहिली. नवऱ्यानं मारलेल्या गालावर अजून हिरवट डाग होता. तो घेऊनच ती कात्रपच्या सासरहून मांजर्लीला माहेरी आली होती.

"मी एकटी राहीन. नोकरी आहे माझी."

"एकटी? आधी बाबांची मुलगी, मग प्रीतमची बायको. यात तू वेगळी कोण आलीस?"

वडिलांनी, हरिचंद्रांनी, टीव्हीचा आवाज वाढवला.

अंबरनाथच्या कंपनीत तिनं जाऊ नये म्हणून कल्पेश हल्ली बाहेरून कुलूप लावून जायचा. उघडेल ते सासरच्यांसाठीच, असं त्यानं बजावलं होतं.

शेवटी नूतन मोबाईल घेऊन स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ हळू आवाजात बोलत राहिली. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते.

"सासूबाई येतायत न्यायला."

"आली ना अक्कल!"

संध्याकाळी सासू कमळाबाई रिक्षातून उतरल्या त्या ओरडतच. "कुठंय ती? आमचं नाक कापून इथं बसलीय!"

गल्लीतल्या बायका दारात आल्या.

"प्रीतम नाही आला, मावशी?" कल्पेशनं विचारलं.

"तो कशाला येईल? हिच्या पाया पडायला? मी हाय ना हिला सरळ करायला." त्यांनी नूतनचा दंड धरून तिला हिसडलं. "सगळे कपडे घे. एक चिंधी ठेवू नको. परत इथं यायचं नाय."

नूतननं मान खाली घालून बॅग भरली. वडील "सांभाळून घ्या" एवढंच म्हणाले आणि परत टीव्हीकडे वळले. कल्पेशनं स्वतः बॅग रिक्षात टाकली.

"आता ही तुमची. आम्ही विचारायलाही येणार नाही."

"येऊच नका," कमळाबाई म्हणाल्या.

रिक्षा मोठ्या रस्त्याला लागली. दोघी आपापल्या बाजूला बघत होत्या. मांजर्ली मागे पडल्यावर रिक्षावाल्यानं विचारलं, "परत कात्रपलाच ना?"

"नाय. अंबरनाथला घे. आम्ही दोघींनी खोली घेतलीय तिथं."

मग कमळाबाईंनी आवाज खाली आणला. "जास्त बोलले का गं?"

"नाही आई," नूतन म्हणाली. "मी फोनवर सांगितलं होतं, त्यापेक्षा कमीच."