टेन्शनबाबा

जेसीबीचा पंजा भिंतीपाशी जाऊन थांबला तो थांबलाच. ड्रायव्हर चिंधाने इंजिन बंद केलं, खाली उतरला आणि चपला काढून उभा राहिला.

"मी हात नही लावाव, आबा. मनी बायको पोटशी शे. आठे बाबा शे म्हनतस."

नगरसेवक प्रेमराज आबांनी कपाळाला हात लावला. पलटणीच्या या जुन्या कवायत हॉलच्या जागी त्यांना तीन मजली कॉम्प्लेक्स उभं करायचं होतं. विकासाची त्यांना भारी हौस, विशेषतः स्वतःच्या. पत्रे उतरले, दारं गेली, कुणी चकार शब्द काढला नाही. आडवा आला तो बाबा. मग आबांना एकदम जीवराम सर आठवले.

सर इतिहासाचे निवृत्त शिक्षक. हा हॉल वाचावा म्हणून त्यांनी काय नाही केलं? अर्ज केले, व्याख्यानं दिली, पदरमोड करून हॉलच्या इतिहासाची पुस्तिका छापली. गावाने ती आनंदाने घेतली. भज्यांचं तेल फार छान शोषते, असं सगळ्यांचं मत पडलं.

टेन्शनबाबाचा तर सरांना मनस्वी राग. इंग्रजांच्या काळात शिपायांसाठी या भिंतीवर हातभर अक्षरांत 'अटेन्शन' रंगवलेलं होतं. पुढे 'अ'चा गिलावा पडला आणि मागे उरलं 'टेन्शन'. झालं, बाबा प्रकटले. दहावीची पोरं येऊ लागली, सासुरवाशिणी येऊ लागल्या. कोकिळा अक्काने शेंदूर फासून रोजचा दिवा सुरू केला. "अक्का, तो बाबा नाही, कवायतीचा हुकूम आहे," असं सर तिला चारचौघांत सुनावायचे. अक्का त्यांच्याही हातावर प्रसाद ठेवायची.

आबांनी सरांना घरून गाडीत घालून आणलं.

"या सर. गावात इतिहास जाणणारे तुम्ही एकटेच. जरा सांगा याला, भिंतीवर काय लिहिलंय ते."

जन्मभर सर ज्या क्षणाची वाट बघत होते तो आला तो असा. अख्खं गाव कान देऊन उभं, आणि खरं बोललं की हॉल भुईसपाट. सरांना रडू यायचंच बाकी होतं. कोपऱ्यात अक्काने दिवा पदराआड धरला आणि मान खाली घातली.

"सर, तुम्ही शिकेल मानूस," चिंधा म्हणाला. "आठे बाबा शे का नही?"

सरांनी भिंतीकडे पाहिलं. वर्गात 'आहे'ला 'शे' म्हणणाऱ्या पोराला त्यांनी कधी माफ केलं नव्हतं.

"शे," सर म्हणाले. "जागृत शे. मागल्या निवडणुकीला इथे नारळ कोणी फोडला, ते आबांनाच विचार."

गावाने सरांचा इतिहास पहिल्यांदाच बिनतक्रार मान्य केला.

एवढं बोलून सरांचे पाय मात्र लटपटायला लागले. ते दिसू नये म्हणून त्यांनी टाचा जुळवल्या, हात मांड्यांना चिकटवले, मान ताठ केली. चिंधाला वाटलं, या बाबाच्या नमस्काराची रीतच अशी. त्यानेही टाचा जुळवल्या. मग अक्काने. मग सगळ्या गर्दीने. शेवटी इकडेतिकडे बघत, पोट आत घेऊन, आबांनीसुद्धा.

कित्येक वर्षांनी त्या हॉलमध्ये भिंतीवरचा हुकूम पाळला गेला, आणि 'अ' नाही म्हणून कुणाचंच काही अडलं नाही.