बदली आमदार

सभागृहात काय बोलला म्हणून आमदाराच्या केसालाही धक्का लावता येणार नाही, असं राज्यघटनेत लिहिलंय. खाणमालकाच्या माणसांनी ती वाचली नव्हती. सकाळी भरबाजारातून उचललेल्या आमदार एवारिस्तोचे पुढचे दात त्यांनी मेस्काल दारूच्या बाटलीने पाडले, डाव्या हाताची बोटं दारात घालून चेचली आणि कपाळाला पिस्तूल टेकवलं.

"उद्या त्या नदी वाचवायच्या कायद्याविरुद्ध मत देणार की नाही, बोल!"

एवारिस्तो रक्त थुंकला. "मारा ना, हरामखोरांनो! मी मेलो की माझी खुर्ची बदली आमदाराला मिळते, हेही घटनेतच आहे. मतपत्रिकेवर माझ्याबरोबर बदली म्हणून कोणाचं नाव होतं, आठवतंय? माझ्या बायकोचं. होविताचं!"

पिस्तुलाचा हात थबकला. खाणीच्या फाटकावर याच होविताने पहारेकऱ्याचं डोकं फावड्याने फोडलं होतं.

"मालकाला फोन लाव," म्होरक्या पुटपुटला. "विचार, हा परवडला की ती?"

मालकाने क्षणभरही विचार केला नाही. एवारिस्तोला गावाच्या वेशीवर फेकून गाडी निघून गेली.

बायकोचं नाव देताना आपण केवढं डोकं लढवलं, या खुशीत फुटक्या तोंडाने हसत त्याने घराचं दार ढकललं. सुतकाचा काळा झगा घालून, उजवा हात ताठ पुढे धरून, होविता आरशासमोर आमदारकीची शपथ घोकत होती.

हात खाली न घेता तिने आरशातूनच त्याच्याकडे पाहिलं.



"अगं बाई! सोडलं होय रे तुला?"