पुनर्जन्म तपास, खिडकी तीन

पुनर्जन्म तपास केंद्राच्या खिडकीत बसून बसून मंदाकिनी सामंतांना माणसांची शिसारी आली होती. योनी चौऱ्याऐंशी लक्ष, पण प्रत्येकाला आपला बाप गायच झालेला हवा!

समोर विश्वंभर केळुसकर उभा होता. उद्या वडिलांचं वर्षश्राद्ध. बाईंनी वडिलांचा चष्मा यंत्रात ठेवला. पडद्यावर हिरवा ठिपका मिणमिणला.

"गांडूळ झालेत."

"शी! नीट बघा हो बाई. हेडमास्तर होते ते."

"जिवंत आहेत. तुमच्याच परसात, वीतभर खोल मातीत."

केळुसकरचा चेहरा पडला. "परसात? तिथं सकाळीच काँक्रीट ओतलं. उद्याच्या पंगतीसाठी."

ठिपका विझला. बाईंनी चष्मा त्याच्याकडे सरकवला.

"मग जेवा उद्या पोटभर. आणि जाताना नवा अर्ज घेऊन जा."