उलटी गिरकी

"चल गं. पहिला भाग किती छान होता, हा अगदीच बंडल आहे," नवरा म्हणाला. नाचाच्या त्या पिक्चरच्या दुसऱ्या भागातून लोक उठून चालले होते.

"थांबा हो, पहिल्यातलं जुनं गाणं परत दाखवणारेत," म्हणत कुमुदने त्याचा हात धरून ठेवला.

पहिल्या भागातल्या त्या गाण्यात त्यांची लेक केतकी मागच्या रांगेत नाचली होती. सगळ्या मुलींनी उजवीकडे गिरकी घेतली, हिने एकटीने डावीकडे. कुमुद तिला केवढं बोलली होती! आता केतकीला जाऊन वर्ष झालं होतं, आणि धूसर चेहऱ्यांत ती त्या चुकीमुळेच सापडायची.

गाणं लागलं. अख्ख्या रांगेने उजवीकडे गिरकी घेतली.

"कॉम्प्युटरवर चूक काढून टाकलीय वाटतं," नवरा पुटपुटला.

कुमुद पुढे वाकून शोधत राहिली. "आता ओळखू कशी हो तिला?"